धुमाळ मास्तरांची शिट्टी

माझ्या स्कूटरला रिव्हर्स गिअर नव्हता. कुठल्या स्कूटरला असतो? तरीही बिबवेवाडीच्या सोसायटीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी धुमाळ मास्तरांनी मला ती रिव्हर्स काढून दिली. मी पाय टेकत टेकत स्कूटर मागे ढकलतोय आणि पाठीमागे खाकी पँटीतले एक गृहस्थ तोंडात पितळी शिट्टी धरून उभे. टुर्र-टुर्र, म्हणजे येऊ द्या. टुर्र-टुर्र. मग एकदम लांबलचक टुर्रर्रर्र. मी दचकून ब्रेक दाबला.

"भिंत," मास्तर म्हणाले.

मी वळून पाहिलं. "अहो, चार फूट लांब आहे अजून!"

"आहे ना? मग वाचलात."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. खेड्यापाड्यातले लोक बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसले मास्तर. तीस-बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झाले. तिकिटांची पेटी जमा करावी लागली, शिट्टी मात्र गळ्यात राहिली. तिच्या जोडीला घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणखी पंधरा-वीस शिट्ट्या होत्या. घरी कुणी गेलं की चहाच्या आधी तो डबा उघडायचा.

"ही ट्रॅफिक हवालदाराची. आत गोळी असते. गोळी नाचते म्हणून आवाज थरथरतो, गर्दीत ओळखू येतो. ही रेल्वेच्या गार्डाची, हिच्यात गोळी नाही. आवाज सरळ जातो, थेट इंजिनापर्यंत. ही मॅचच्या पंचाची. ही वॉचमनची, चोराला 'मी इकडे आहे, तू तिकडनं जा' असं सांगायची. आणि ही जत्रेतली मातीची चिमणी. पोटात पाणी घालून फुंकायची."

"आणि कुकरची?" मी एकदा विचारलं.

"ती शिट्टी नव्हे. ती तक्रार आहे."

माणसाच्या बोलण्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. "तोंडानं माणूस खोटं बोलतो, शिट्टीनं बोलता येत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरचे जोगळेकर पाण्याच्या टाकीवर अर्धा तास बोलले, तेव्हा मास्तरांनी डबल शिट्टी मारून त्यांना पुढे सरकवलं. जोगळेकर शांतपणे म्हणाले, "आपल्या इमारतीत बस येत नाही, ही गोष्ट कुणीतरी मास्तरांच्या कानावर घालावी. हळूच घालावी, धक्का बसेल." पण पुढे खराडीच्या कंपनीत लागलेल्या एका मुलानं मागे कॅमेरा असलेली गाडी आणली आणि मास्तरांना हातानंच बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा त्याला झापणारेही जोगळेकरच होते.

मास्तरांचा खरा कारभार चाले तो सुमनवहिनींशी. मूलबाळ नव्हतं, दुसऱ्या मजल्यावर दोघंच. मास्तर मार्केट यार्डातून भाजी घेऊन आले की फाटकातूनच सुरू. एक लांब शिट्टी, म्हणजे मी आलो. दोन आखूड, म्हणजे चहा टाक. तीन, म्हणजे पिशवी जड आहे, खाली ये. वहिनी पदर खोचत दोन जिने उतरून यायच्या, पिशवी घ्यायच्या, एक शब्द न बोलता वर जायच्या. आम्ही गॅलरीत उभे राहून कौतुक करायचो. काय शिस्त, काय समजूत! पाहुण्यांना मी हा प्रकार मुद्दाम दाखवायचो. एकदा तर मास्तरांना पुन्हा वाजवायला लावली होती, पाहुण्यांचा फोटो राहिला म्हणून. वहिनी पुन्हा खाली आल्या. पिशवी नव्हतीच. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि परत वर गेल्या.

ते पाहणं मला तेव्हा दिसलं नाही असं म्हणणं खोटं होईल. दिसलं होतं. मी हसत राहिलो.

एका सकाळी वहिनी ओट्यापाशी कोसळल्या. अर्धांग. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दीड महिन्यानं घरी आणलं, ते खाटेवरच. डॉक्टरांनी सांगितलं, आता यात फार फरक पडेल अशी आशा धरू नका. मास्तरांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन तो बिस्किटांचा डबा काढला.

"बोलता येत नाही ना? नको बोलू दे," ते मला म्हणाले. "तिला सगळे सिग्नल पाठ आहेत. एक वाजवली की पाणी. दोन वाजवल्या की कूस बदलायची. मी स्वयंपाकघरात असलो तरी ऐकू येईल."

पितळी शिट्टी त्यांनी वहिनींच्या डाव्या हातात दिली. ती पडली. ओठांत धरली, तर ओठांतून गादीवर ओघळली. मास्तरांना वाटलं, जड आहे. प्लास्टिकची आणली. मग वाटलं, दम पुरत नाही, म्हणून लहान मुलांची पिपाणी आणली. रविवार पेठेतल्या दुकानात त्यांनी एकामागून एक इतक्या शिट्ट्या फुंकून पाहिल्या की दुकानदारानं हात जोडले. "काका, नक्की कशासाठी पाहिजे?" तर म्हणाले, "सगळ्यात कमी श्वास लागतो ती द्या."

ती नाही चालली. मातीच्या चिमणीत पाणी भरून पाहिलं, तीही नाही. दोन महिने हे चाललं होतं. ऐंशीला टेकलेला माणूस खाटेशी बसून स्वतःच गाल फुगवून दाखवायचा, "असं, हे बघ, असं," आणि वहिनी तोंड भिंतीकडे फिरवायच्या.

आमची ही रोज दुपारी वहिनींना चहा पाजायला वर जायची. एके दिवशी ती लवकरच खाली आली. मी विचारल्यावर म्हणाली, "अहो, चहा गरम होता. मी बशी तोंडाशी नेली, तर वहिनींनी फुंकर मारली. चांगली जोरात. बशीतला चहा पार काठावर आला."

"मग शिट्टी का वाजत नाही?"

"त्यांना वाजवायची नाहीये."

मी म्हटलं, हा आपला तुझा तर्क. त्यावर तिनं जे सांगितलं ते तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. शेंगा सोलताना वहिनी एकदा तिला म्हणाल्या होत्या, "कुत्र्याला तरी नावानं बोलावतात, ताई."

हे मास्तरांना सांगावं की नाही यावर आम्ही दोन दिवस घातले. शेवटी हिनंच सांगितलं. मास्तर खुर्चीत बसले होते. ऐकल्यावर त्यांनी खाटेवरच्या, उशाशेजारच्या, खिडकीतल्या सगळ्या शिट्ट्या गोळा केल्या आणि गळ्यातली काढून त्यांत टाकली. मग म्हणाले, "मला वाटायचं, तिला आवडतं. कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलं होतं का?" ही म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. उठले, खाटेपाशी गेले. पन्नास वर्षांच्या संसारात जी गोष्ट केली नव्हती ती करायला लाजत होते की घाबरत होते, कळेना. आम्हाला पाठ फिरवायला सांगितली.

"सुमन," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "सुमन."

न राहवून आम्ही वळून पाहिलं. वहिनी भिंतीकडेच बघत होत्या.

"ऐकू येत नाही बहुतेक," मास्तर पुटपुटले.

"ऐकू येतं," ही म्हणाली. "पण मास्तर, सुमन हे नाव तुम्ही लग्नात ठेवलंत. त्या नावानं त्यांना इथं हाक कोण मारणार होतं? सासूबाई 'अगं' म्हणायच्या, आम्ही वहिनी. सासवडकडच्या त्यांच्या गावात त्यांना हिरा म्हणायचे. त्यांनीच मला सांगितलंय."

मास्तर खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "हिरा," ते स्वतःशीच म्हणाले. "खरंच की. पत्रिकेत होतं." आणि मग खाटेकडे वळून त्यांनी हाक मारली, "हिरा!"

वहिनींची मान हलली. इतक्या महिन्यांत त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी उजळताना पाहिलं. डोळे मास्तरांवरून पुढे गेले आणि दारावर थांबले. जणू माहेरचं कुणीतरी आलं होतं. दारात कुणी नव्हतं. त्या तरीही खूप वेळ तिकडेच बघत राहिल्या, आणि मग हळूहळू सगळं विझलं.

आम्ही खाली आलो.

त्यानंतर आठवडाभरानं मी वर्तमानपत्र द्यायला वर गेलो. मास्तर स्वतःच्याच घराबाहेर, जिन्याच्या चौकात उभे होते. पायांत वहाणा, डोक्यावर कधी न पाहिलेली पांढरी टोपी. मला पाहून ओशाळले.

"बाहेर निघालात?" मी विचारलं.

"नाही. आत चाललोय." आवाज खाली आणून म्हणाले, "आतून हाक मारली की ती दाराकडं बघते. माझ्याकडं नाही. दारात कुणी नसलं की तिला फार लागतं हो. मग म्हटलं, कुणीतरी असायला पाहिजे."

त्यांनी टोपी नीट केली, दार ढकललं आणि उंबऱ्यात उभं राहून, गावाकडच्या माणसासारखी हाक दिली.

"हिरे, हायस का गं घरात?"