वानरांची स्वच्छ पंगत

एका जंगलात, बाळांनो, एक भलामोठा उंबर होता. त्यावर वानरांची टोळी राहत असे. टोळीचे प्रमुख शेंडेराव. त्यांना स्वतःविषयी फार आदर होता.

टोळीला खाण्याची शिस्त मात्र अजिबात नव्हती. एक पान खायचं, दोन तोडून टाकायची. फळ अर्धं चावायचं, उरलेलं खाली. खाली चितळांचा कळप उभाच असे. चितळं टाकलेलं खात आणि शेंडेरावांना वाटे, ही आपल्या दर्शनाला येतात.

एके दिवशी पिंजऱ्यातून निसटलेला एक पोपट आला. कुणा गुरुजींच्या ओसरीवर वाढलेला. त्याला एकच वाक्य पाठ होतं.

"खाऊन माजावं, टाकून माजू नये!"

एवढं बोलून त्याने एक उंबर उष्टावलं आणि खाली टाकलं. पण विद्वानाकडे बघतं कोण? सगळे त्याचं ऐकत होते.

शेंडेराव ओशाळले. अन्नाची एवढी नासाडी, तीही आपल्या कारकिर्दीत! त्यांनी लगेच मोहीम काढली. पान देठासकट खायचं. काही पडलंच तर उतरून उचलायचं. थोड्याच दिवसांत उंबराखालून मुंगीसुद्धा उपाशी परतू लागली.

चितळांनी वाट पाहिली. मग त्यांच्यातल्या थोरल्या ठिपकाबाई कळप घेऊन निघाल्या.

"अहो ठिपकाबाई, निघालात कुठे? आमचं काही चुकलं का?"

"छे हो! तुमचं हल्ली काही चुकतच नाही. पलीकडच्या ऐनाच्या झाडावरची माकडं बघा, फार वेंधळी. देव त्यांना असंच ठेवो."

"फुकटखाऊ कुठचे!" शेंडेराव पुटपुटले.

झाडावर सगळं मिळतं, बाळांनो, पाणी तेवढं मिळत नाही. दुपारी टोळी ओढ्यावर उतरली. पोरं पोटाशी धरून आया पाण्यावर वाकल्या. एरवी शेजारी चितळं असत. बिबट्याचा वास आला की ती पाय आपटत, ओरडत, आणि वानरं झाडावर पळत. आज शेजारी कुणीच नव्हतं.

शेंडेरावांच्या मागे गवत हललं. बिबट्याने झेप घेतली. एकच कल्लोळ झाला. टोळी जीव मुठीत धरून झाडावर पोचली, सगळीच्या सगळी. शेंडेरावांच्या शेपटीचं टोक तेवढं बिबट्याकडे राहिलं.

उंबरावर बसून शेंडेराव रडले. शेपटी दुखत होतीच, पण थरथरणारी पोरं बघून त्यांना जास्त रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले, एक अख्खी डहाळी मोडली आणि खाली भिरकावली.

"बघता काय? टाका रे!"

"टाकून माजू नये!" पोपट किंचाळला. पुढचं उंबर शेंडेरावांनी नेम धरून टाकलं.

संध्याकाळी ठिपकाबाई कळपासह परतल्या. खाली पडलेला पाला हुंगून त्या प्रसन्न झाल्या.

"आलात म्हणायचं एकदाचे माणसात!"

तात्पर्य: ज्याच्या ताटातून काहीच सांडत नाही, त्याच्या दाराशी शेवटी बिबट्याच येतो. मात्र हे तात्पर्य जेवताना आईला ऐकवू नये. त्यापेक्षा बिबट्या परवडला.