मुसूसाहेबांचा लांबचा रस्ता

सायकल घरात आली त्या दिवशी हाजराच्या बाहेरच्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांचे खोके, तांदळाची पोती, दूध पावडरचे डबे आणि खिडक्यांच्या फटींना लावायच्या चिकटपट्टीची रिळं आधीच येऊन पडली होती. इराकनं कुवेत गिळलं होतं. लढाई आज होते की उद्या, एवढंच काय ते ठरायचं बाकी होतं, आणि सौदीतल्या राबिघमधला प्रत्येक शहाणा माणूस घरात काही ना काही भरून ठेवत होता. तिचा नवरा शौकत मात्र सायकल घेऊन आला.

"ही शिजवायची, की हिच्यात पाणी भरून ठेवायचं?" हाजरानं विचारलं.

शौकत मुकादम गुहागरकडचा. राबिघच्या रिफायनरीत ड्रॉइंग ऑफिसात तो पाइपांचे नकाशे काढायचा. त्याचा साहेब ल्यूक हा फ्रेंच इंजिनियर. फ्रेंचांना मुसू म्हणतात असं कुणीतरी सांगितल्यावरून सगळं ऑफिस त्याला मुसूसाहेब म्हणे. नाताळच्या सुट्टीवर निघताना मुसूसाहेबानं आपली सायकल आणि एक पत्र्याची ट्रंक शौकतच्या हवाली केली. लढाई लागली तर वकिलात परत येऊ देईल की नाही, सांगता येत नव्हतं. ट्रंकेत कागद होते, ती नुसती सांभाळायची होती, पण सायकल रोज थोडी तरी फिरवायला हवी, उभी राहिली की टायर चिरतात, असं त्यानं बजावलं होतं. शौकतनं मान हलवून शब्द दिला होता. शाळा सुटल्यापासून आपण सायकलवर बसलेलो नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं.

पहिले काही दिवस त्यानं सायकल सांभाळली की सायकलीनं त्याला, हे सांगणं कठीण. पण बॅलन्स जमला आणि त्याचं लक्ष हँडलवरच्या पिशवीकडे गेलं. पिशवीच्या वरच्या बाजूला पारदर्शक कप्पा होता आणि त्यात घडी घातलेला एक नकाशा. फ्रान्सच्या पूर्वेला व्होज नावाचे डोंगर आहेत, त्यांचा.

शौकतचा जन्म नकाशांत गेला होता, पण ते रिफायनरीचे. सरळ रेष, काटकोन, पुन्हा सरळ रेष. इथे एकसुद्धा रेष सरळ नव्हती. सारख्या उंचीच्या रेषा एकमेकींना खेटून, वळसे घेत चालल्या होत्या. जिथे दाट झाल्या तिथे डोंगर छातीवर येत होता, विरळ झाल्या तिथे दरी हळूच पसरत होती. आणि सगळा कागद हिरवा. राबिघमध्ये हिरवा रंग मशिदीच्या कमानीवर असायचा आणि रिफायनरीच्या पाण्याच्या पाइपांवर. इथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जंगल होतं, आणि त्या जंगलातून मुसूसाहेबानं लाल पेन्सिलीनं सायकलचा रस्ता आखला होता: तळ्याकाठचं गाव, मग चढ, मग खिंड, मग पलीकडे उतरत उतरत द्राक्षांच्या मळ्यांपर्यंत. जागोजागी फुल्या होत्या. खुणांच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यावर शौकतला कळलं, ते झरे होते. एका डोंगरावर इतके झरे, आणि सगळे फुकट वाहून जाणारे. तो कितीतरी वेळ जिन्याखाली सायकल धरून तसाच उभा राहिला.

त्यानंतर तो नुसता फिरेना, तो व्होजमध्ये जाऊ लागला. राबिघला चढ असा नाहीच. पण तिथला वारा उत्तरेकडून येतो, आणि रोज येतो. जाताना वारा तोंडावर, तो घाट झाला. येताना वारा पाठीशी, तो उतार. दिव्यांच्या खांबागणिक एकेक वळण मोजत, घामानं निथळत शौकत खिंड चढू लागला. घरी आल्यावर तो हाजराला सांगे, आज पाइनच्या जंगलात शिरलो, पहिला चढ अंगावर येतो, तिथे घाई केली की संपलं. हाजरा म्हणे, बरं झालं, येताना त्या जंगलातून दही आणायचं राहिलं.

जानेवारीत लढाई सुरू झाली. शाळा बंद झाल्या, रेडिओ दिवसभर चालू राहिला, जेद्दाकडून प्रचंड विमानं डोक्यावरून उत्तरेला जाऊ लागली. हाजरानं त्याला हात जोडून सांगितलं, आता पुरे. पण टायरला लढाई कळत नाही, असं म्हणून शौकत निघाला. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, तो जवळजवळ खिंडीत पोचला होता, आणि त्याच्या त्या खिंडीत, पेट्रोल पंपाशी, लष्कराची नवीन चौकी बसली होती.

तरुण शिपायानं इकामा, म्हणजे देशात राहायचा परवाना, मागितला. इकामा घरी, ऑफिसच्या शर्टाच्या खिशात. इकाम्याशिवाय फिरणारा परदेशी, तोही लढाईच्या दिवसांत. शिपायानं त्याला नीट न्याहाळलं आणि मग त्याची नजर हँडलवर गेली. नकाशा, लाल रेष, फुल्या.

"हे काय आहे?"

शौकतचं अरबी कामापुरतं होतं आणि स्वभाव खरं बोलण्याचा. तो म्हणाला, "रस्ता."

"कुठला?"

"मी रोज जातो तो."

हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं.

पेट्रोल पंपाच्या खोलीत चौकीचं ऑफिस होतं. तिथून त्याला एक फोन करू दिला. त्यानं ड्रॉइंग ऑफिसात शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या गुरुनाथला गाठलं आणि घरून आपले कागद आणायला सांगितलं. गुरुनाथ भला माणूस, पण घाबरट. तो धापा टाकत हाजराकडे गेला आणि म्हणाला, "वहिनी, शौकतला मिलिटरीनं धरलंय. घरात असतील तेवढे सगळे कागद द्या. एक मागं ठेवू नका."

हाजरानं एकही मागं ठेवला नाही. इकामा दिला, निकाहनामा दिला, लसीकरणाचं कार्ड दिलं. आणि मुसूसाहेबाच्या ट्रंकेतही कागदच आहेत हे आठवून तीही गाडीत चढवून दिली.

चौकीचा कप्तान जाबिर आला, तेव्हा टेबलावर ट्रंक उघडलेली होती. आत नकाशांची चळत. सगळ्यांवर लाल रेषा, सगळ्यांवर फुल्या. नकाशांखाली होकायंत्र, त्याखाली दुर्बीण, आणि तळाशी उंची मोजायचं घड्याळासारखं एक यंत्र. शौकतनंही ते प्रथमच पाहिलं. नोकरी गेली हे तर दिसतच होतं. आता हाजराला निदान विमानात तरी बसवून देतील का, याचा तो विचार करू लागला. गुरुनाथ भिंतीकडे सरकला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "मी याला फक्त ऑफिसात ओळखतो."

कप्तानानं पहिला नकाशा पसरला आणि थंडपणे म्हटलं, सांग.

शौकत सांगू लागला. नकाशे साहेबाचे, डोंगर फ्रान्सचे. हे तळं. इथे गाव. इथून चढ सुरू होतो, रेषा बघा कशा चिकटल्या आहेत. इथे दोन्हीकडून झाडं येतात आणि रस्त्यावर ऊन पडत नाही. इथे झरा. सांगता सांगता तो आपण कुठे आहोत हे विसरला. शिपाई दारातून आत सरकले. बाहेर वाळू उडत होती, एक विमान छत हादरवत गेलं, पण वर कुणी पाहिलं नाही. सगळे शौकतच्या बोटामागून चढत होते.

कप्तानानं मध्येच विचारलं, "धुकं असतं का?"

"असणार. एवढी उंची, एवढी झाडं."

कप्तानानं नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "मी अबहाच्या डोंगरातला. आमच्याकडे सकाळी धुकं दारातून आत येतं. ही पोरं ऐकून हसतात." पोरं या क्षणी हसत नव्हती. "तू गेला आहेस इथे?"

"नाही."

"कधी जाणार?"

शौकतनं नकाशाकडे पाहिलं. "जाईन असं वाटत नाही, साहेब."

कप्तानानं लाल रेषेवरून स्वतःचं बोट फिरवलं, तळ्यापासून खिंडीपर्यंत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "खाली दरीतून सरळ रस्ता आहे. ही रेष आखणारा माणूस तो सोडून डोंगरावर गेला. इथे जवळची वाट आहे, तीही सोडली. प्रत्येक ठिकाणी लांबचा रस्ता धरला आहे. असा हेर पाठवणारा राजा लढाईआधीच हरेल."

इकाम्याशिवाय पुन्हा दिसलास तर कफीलाला, तुला नोकरीवर आणणाऱ्या जामीनदाराला, बोलावीन, असा दम भरून त्यानं शौकतला सोडलं. शौकत उठला, तर कप्तानानं त्याला पुन्हा बसवलं. आपण खिंडीत उभे आहोत, तो म्हणाला, पलीकडे कोण उतरवणार? चहा मागवला गेला. मावळतीपर्यंत सगळी चौकी द्राक्षांच्या मळ्यात उतरली. गुरुनाथही टेबलाशी आला होता आणि आपण शौकतला किती वर्षं ओळखतो ते शिपायांना सांगत होता.

चौकी पुढे उत्तरेला हलली. लढाई संपली, खिडक्यांच्या पट्ट्या निघाल्या, आणि वसंतात एके दिवशी मुसूसाहेब परत आला. सायकल न्यायला तो घरी आला तेव्हा टायर पाहून त्यानं शौकतची पाठ थोपटली. शौकतला मात्र एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला त्याला इतके दिवस माणूस मिळाला नव्हता. खिंडीच्या पलीकडे जंगल खरंच इतकं दाट आहे का, की दुपारी दिवा लावावा लागतो?

मुसूसाहेब पेडल हातानं गरगर फिरवत राहिला.

"मी तिथे कधी गेलो नाही," तो म्हणाला.

तो फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा निघाला. त्याच्या गावात चर्चच्या मनोऱ्यावर चढलं की त्याहून उंच काही नाही. राबिघच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळ जात नाही म्हणून त्यानं नकाशे मागवले, रेषा आखल्या, मग सायकलही मागवली. पण सुट्टीत कधी आईचं आजारपण निघे, कधी घराचं छप्पर. या खेपेला अगदी पायथ्यापर्यंत गेला होता, तर डोंगरावर बर्फ. एवढं सांगून त्यानं संकोचानं विचारलं, कप्तानाला तुम्ही नेलंत म्हणे, गुरुनाथ सांगत होता. मलाही एकदा न्याल का? येत्या उन्हाळ्यात नक्की जायचं आहे.

शौकतनं खुर्ची ओढून दिली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. हाजरा चहा घेऊन आली. तिनं कप ठेवले, पदराला हात पुसले, आणि तळ्याजवळ लाल रेष सुरू होते तिथे बोट ठेवलं.

"त्यांना आधी हे सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "पहिल्या चढाला घाई करू नका म्हणावं. तिथं लई दम लागतो."