पतलून, इस्त्री आणि एक अट

अंबाजी टेलरने माझी नवी पतलून हातात धरली, उलटी केली आणि परत माझ्याच हातात दिली.

"परसों ले लो साब."

"परवा? अरे, आज चारला मुलीला बघायला येतायत! चार बोटं आखूड करायची, दोन टाके घालायचे!"

"टाके दो-च हैं साब. पन लाइन में बीस पतलूनां हैं."

मी तीस वर्षं हिंदी दैनिकात वार्ताहर आहे. मंत्र्यांना रडकुंडीला आणलंय. (एका मंत्र्याला. तेव्हा त्यांना सर्दीही होती.) आमच्या विद्यानगर वस्तीतल्या एका शिंप्यापुढे नमतं घेणं शक्यच नव्हतं. तडक कोठीच्या बाजारात गेलो आणि शिवणाशिवाय दुमड चिकटवायची टेप आणली. दुमडीत टेप ठेवा, वर ओलं फडकं घाला, इस्त्री फिरवा, झालं. तमाम शिंपी वर्गाची मक्तेदारी मोडीत!

घरी आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे त्रिवेणीने, सगळी फडकी धुऊन वाळत टाकली होती. मागायला गेलो असतो तर बेत फुटला असता. मग ओल्या फडक्याऐवजी मी वर्तमानपत्र घेतलं. पायाचे दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक पान आतही सरकवलं. (धंद्यातला माणूस कागदावर विश्वास ठेवतो.) घाईत टेप दुमडीबाहेर घसरली असावी. मी मात्र दुप्पट टेप लावून दुप्पट वेळ इस्त्री दाबली. काम पक्कं हवं!

पक्कंच झालं. आतलं पान निघेना. ओढलं तर अर्धंच फाटून हातात आलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"बाबा," शर्वरी खोलीत डोकावून कुजबुजली, "आधीची दोन स्थळं तुम्ही उलटतपासणी घेऊन पळवलीत. मंदार मला आवडलाय. आज फक्त बसा. प्रश्न नकोत, प्लीज!"

पोरीचा चेहरा बघून मी शब्द दिला, पतलून चढवली आणि बाहेर आलो. चालताना पायाशी खर्र खर्र आवाज येत होता.

"हे काय वाजतंय अहो?" त्रिवेणीने दातओठ खात विचारलं.

"नवं कापड. कांजी आहे."

पुण्याहून आलेल्या उषाताई आणि त्यांचा मंदार सोफ्यावरून उठले. मुलगा गुणी. वाकून थेट पायांना हात लावला. वाकला तो वाकलाच. वर येईना; त्याचं घड्याळ माझ्या दुमडीत अडकलं होतं. आशीर्वाद दोनदा देऊन झाला. शेवटी तो उठला तेव्हा त्याच्या हातात माझ्या पतलुनीतून निघालेली वीतभर कागदाची पट्टी होती आणि दुमड सुटून पतलुनीचा उजवा पाय जमिनीवर लोळत होता.

मंदारने हिंदी मथळा वाचला, "'घटिया काम की पोल खुली'. काका... खाली बातमीदार म्हणून तुमचंच नाव आहे."

"आहेच! आणि त्यातला एक शब्द खोटा निघाला तर सांग!" मी ओरडलो.

शर्वरीने डोळे मिटले. त्रिवेणी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थिजली. उषाताई मात्र तोंडाला पदर लावून खदखदत होत्या. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण आमची एक अट आहे."

अट! माझ्यातला वार्ताहर ताडकन उभा राहिला. (डावी दुमडही तेव्हाच सुटली.) शर्वरीला दिलेला शब्द कुठल्या कुठे गेला.

"बोला! रोख हवी की गाडी? शिकलीसवरलेली माणसं तुम्ही! उद्याच्या अंकात नावानिशी छापतो!"

"बाबा!"

दोन्ही पाय लोळवत मी सोफ्यापर्यंत चालून गेलो. उषाताई जराही हलल्या नाहीत. शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या,

"लग्नात तुम्ही धोतर नेसायचं. ते आखूड करावं लागत नाही."

"मान्य!" त्रिवेणी म्हणाली.

"पण नेसवायला भटजी हवेत. बाबा नकोत," शर्वरी म्हणाली.

मंदारने घाईघाईने मान हलवली.

इतक्या वर्षांत शेकडो बैठका कव्हर केल्या, पण विरोधी पक्षाला एक शब्दही बोलू न देता इतक्या झटपट मंजूर झालेला ठराव मी पाहिला नव्हता.