दोषांची हिरवी बरणी

औषध निर्मळ असावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार रुग्णाच्या आप्तांना आहे. मात्र निर्मळ करता करता कुठे थांबावे, हा विवेक त्या आग्रहाबरोबर आपोआप येत नाही. माझ्यापाशी आग्रह विपुल होता. पुढील हकीकत विवेकाविषयी आहे.

आमची ही पुस्तकबांधणी करते. चाळीस वर्षे सुई, दोरा आणि सरस यांच्या सहवासात काढल्यावर तिच्या बोटांच्या सांध्यांनी एके दिवशी संप पुकारला. सुई धरवेना. त्यातच एका ग्रंथालयाचा जुना नकाशासंग्रह महिनाअखेरीस शिवून द्यायचा होता. त्याची सुटी पाने तिच्या मेजावर पसरलेली होती, आणि ते काम परक्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

डॉक्टरांनी रीतसर परवान्यावर औषधी गांजा लिहून दिला. संस्कृतात या वनस्पतीला विजया म्हणतात. मीही तेच म्हणतो, कारण जिन्यात तो दुसरा शब्द उच्चारला की दारे उघडतात. परवान्यावर महिन्याला एकच पुडी मिळते. ती वाया गेली की बोटे आणि नकाशे दोन्ही पुढच्या महिन्यापर्यंत तसेच.

"अर्क मी स्वतः सिद्ध करीन," मी जाहीर केले. "या कार्यास माझ्याइतका योग्य मनुष्य या इमारतीत नाही."

हे समोरच्या दारात राहणाऱ्या रसायनरावांनी ऐकले. ते रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. हे नाव त्यांना मीच दिले आहे.

"शास्त्रीबुवा, द्रावक वापरा. दहा मिनिटांत अर्क हातात."

"आणि द्रावक कुठे जाते?"

"उडून जातं."

"सगळे?"

"जवळजवळ."

"हे 'जवळजवळ' मी हिच्या पोटात जाऊ देणार नाही. तेलात होईल, तिळाच्या."

पुडी आणायला मी औषधांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी.

"सर, मंद आचेवर तेलात ठेवायचं, गाळायचं, संपलं. चार ओळी लिहून देते. यात भर घालू नका."

"मुली, चार ओळींत शास्त्र मावत नाही."

"हे शास्त्र नाही सर. कृती आहे."

मी तो कागद आदराने चष्म्याच्या डबीत ठेवला, आणि आदरापोटीच तो उघडला नाही.

घरी आजोबांची हस्तलिखित वही होती. तिच्यातले विजयेचे पान दुर्दैवाने वाळवीने खाल्लेले होते. परंतु शेजारच्याच पानावर एका विषारी बीजाची शुद्धी सविस्तर दिली होती: बीज प्रथम तेलात शिजवावे, म्हणजे त्याचे दोष तेलात उतरतात, ते तेल वर्ज्य करावे, मग शुद्ध द्रव्याचे औषध करावे. तेही वनस्पती, हीही वनस्पती. मी साधर्म्याने निर्णय घेतला.

तीन तास मंद आचेवर ठेवल्यावर तेल पोपटासारखे हिरवे झाले.

"पाहिलेस? दोष कसे बाहेर पडताहेत."

हिने पातेल्यात डोकावून पाहिले. "हे सगळे दोष?"

"सगळे."

"बराच वाईट स्वभाव दिसतो हो तिचा."

मी चोथा मलमलीतून घट्ट पिळला. हिरवे तेल बरणीत भरले, तिच्यावर वळणदार अक्षरांत 'दोष. अग्राह्य.' असे लिहिले आणि बरणी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. मग तो शुद्ध झालेला चोथा ताज्या तेलात पुन्हा तीन तास शिजवला. या तेलाला रंग आला नाही, गंध आला नाही, जणू काही घडलेच नव्हते. इतकी शुद्धी मी आयुष्यात पाहिली नव्हती. ती सोनेरी बाटली मी हिच्या मेजावर ठेवली.

"रोज पाच थेंब."

"ठेवा तिथं. घेते मी."

चौथ्या दिवशी हिने सुई धरली. दहाव्या दिवशी अर्धे नकाशे शिवून झाले. बाटलीतले तेल रोज खाली उतरत होते आणि माझी मान तितकीच वर चढत होती. जिन्यात जो भेटेल त्याला मी तैलपाक समजावून सांगू लागलो. पोस्टमनला त्याची लक्षणे पाठ झाली. नंतर तो पत्रे खालच्या मजल्यावरच ठेवू लागला.

रसायनरावांना मात्र पुरावा हवा होता. मी त्यांना घरी बोलावले, आणि दुकानातल्या त्या मुलीलाही, तपासणीच्या पेटीसह.

"राहू द्या ना सर," ती म्हणाली. "काकूंना बरं वाटतंय ना? मग झालं."

"भिऊ नकोस. सत्याला चाचणीचे भय नसते."

तिने हिच्याकडे पाहिले. ही मान खाली घालून शिवत राहिली. मुलीने सुस्कारा सोडून सोनेरी तेलाचा थेंब कागदावर टाकला, थांबली, दुसरा टाकला.

"सर, यात काहीच नाही."

रसायनराव खुर्चीवरून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "अभिनंदन, शास्त्रीबुवा. तुम्ही तिळाच्या तेलातून तिळाचं तेल काढलंत."

मला त्यांचे हसू टोचले नाही. दुसराच विचार मनात आला. महिन्याची पुडी मी धुऊन टाकली होती. मग ही इतके दिवस केवळ माझ्या समाधानासाठी दुखऱ्या बोटांनी सुई ओढत होती काय?

"अगं, खरे सांग. फार दुखते का?"

"दुखत असतं तर गप्प बसले असते होय? चाळीस वर्षांत कधी बसलेय?" तिने दोरा दातांनी तोडला. "वरच्या फळीवरचे दोष घेतेय मी. रोज पाच थेंब."

मी वरच्या फळीकडे पाहिले.

"कापडाचा रंग पहिल्या धुण्यात जातो, एवढं मलाही कळतं. शंका नको म्हणून तुमच्या डबीतल्या चार ओळी वाचल्या, हिला फोन केला. ही येऊन बरणी तपासून गेली. तुम्ही तेव्हा जिन्यात व्याख्यान देत होता."

"काकूंनी सांगू नका म्हटलं होतं," मुलगी पुटपुटली.

"मग माझ्या बाटलीतले तेल रोज कमी कसे होत होते?"

"पुस्तकं दाबायच्या यंत्राचं मळसूत्र कुरकुरत होतं. आता बघा किती हलकं फिरतंय."

रसायनराव पुन्हा हसू लागले, तशी ही त्यांच्याकडे वळली. "तुम्ही नका हसू. औषध तेलातच उतरलंय, तुमच्या द्रावकाशिवाय. यांचं तत्त्व बरोबरच होतं. यांना फक्त थांबता आलं नाही."

रसायनराव खाली बसले.

पुढच्या महिन्याच्या पाकाचे अधिकार आता हिच्याकडे आहेत. मला स्टुलावर बसून आच मोठी होत नाही ना, एवढेच पाहायचे आहे. हात मागे बांधून.

जिने चार ओळींत पुरे केले, त्या मुलीचे दुकान भरभराटीस येवो. रसायनरावांना त्यांच्या हास्यासह दीर्घायुष्य लाभो. आणि जे हात फाटलेले जग पानापानाने जोडतात, आणि जोडता जोडता नवऱ्याचा मानही न बोलता शिवून ठेवतात, त्या हातांना सकाळी उठताना दुखणे आठवू नये.