पदराला बांधलेले गुरुजी

मुलीच्या साखरपुड्याची साडी आपण स्वतः विणणार, असं भरमूनं व्याह्यांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं. व्याही बेंगळुरूचे. विहीणबाई सत्यवती मूळच्या निपाणीच्या, पण तीस वर्षांत पार बेंगळुरूकर झालेल्या. "दुकानातनंच घेऊ की एखादी," असं त्या सहज बोलून गेल्या आणि शहापुरात पस्तीस वर्षं मागावर बसलेल्या भरमूच्या ते वर्मी लागलं. विणकराच्या पोरीनं दुकानातली साडी नेसायची म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

साडी देखणी झाली, पण उशिरा झाली. काठ मनासारखा येईना म्हणून त्यानं दोनदा उसवला आणि साडी मागावरून उतरली ती थेट साखरपुड्याच्या सकाळी. बायको नीलम आणि मुलगी प्रियदर्शनी बसनं आधीच बेंगळुरूला गेल्या होत्या. मुहूर्त संध्याकाळी पाचचा. मग भरमूनं आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. पदराच्या टोकाला सुटे धागे, म्हणजे दशा, लोंबत होत्या. त्यांचे गोंडे बांधायचे राहिले होते, ते तिकडं पोचून बांधू असा त्याचा बेत होता.

सांबऱ्याच्या विमानतळावर पहिल्यांदा त्याची कात्री काढून घेतली. विणकराचं कात्रीवाचून चालत नाही हे त्यानं मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत समजावून सांगितलं. तिन्ही भाषांत नकार मिळाला. मग पावसानं असं झोडपायला सुरुवात केली की समोर उभं असलेलं विमान दिसेना. अकराचं विमान बाराचं झालं आणि बाराचं एकचं. दर वीस मिनिटांनी नीलमचा फोन येत होता आणि दर वेळी भरमू "निघालोच" म्हणत होता. शेवटी पावणेदोनला विमान हललं.

शेजारी चिकोडीचे सुबराव गुरुजी होते. चाळीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आता लेकाकडं निघालेले. मांडीवर रेशमी काठाचं उपरणं होतं. ते निवृत्तीच्या सत्काराचं असल्याचं त्यांनी विमान उडायच्या आधीच दोनदा सांगितलं. पोचल्यावर वेळ मिळायचा नाही, हे ओळखून भरमूनं पदर मांडीवर घेतला आणि गोंडे बांधायला सुरुवात केली.

निम्मे गोंडे झाले आणि विमान ढगात शिरलं. आधी ते थरथरलं, मग एकदम खाली बसलं. कुणीतरी रडायला लागलं. वीज खिडकीलगत चमकून गेली. भरमूनं डोळे घट्ट मिटले आणि कुलदैवतापासून गल्लीतल्या मारुतीपर्यंत सगळ्यांना हाक मारली. गुरुजींनीही डोळे मिटून एकोणतिसाचा पाढा मोठ्यानं सुरू केला. तासभर विमान आभाळात घिरट्या घालत राहिलं. एवढ्या वेळात भरमूचे हात मात्र थांबले नाहीत. सुटा धागा बोटाला लागला की गाठ मारायची, ही सवय झोपेतही न सुटणारी.

चाकं जमिनीला टेकली तेव्हा चार वाजायला आले होते. गुरुजी उठले आणि त्यांच्यामागून साडीही उठली. उपरण्याच्या आणि पदराच्या दशा एकमेकींत पन्नासेक गाठींनी घट्ट बांधल्या गेल्या होत्या.

"सोडा आधी हे," गुरुजी म्हणाले.

"विणकराची गाठ हाय गुरुजी. सुटत न्हाय. कापाय लागंल."

"सत्काराच्या उपरण्याला कात्री लावू देणार नाही मी."

उपरणं नुसतं भरमूकडं सोपवायलाही ते तयार नव्हते. अनोळखी माणूस, उद्या कुठं शोधायचा? शेवटी साडीचं एक टोक भरमूनं, उपरण्याचं दुसरं टोक गुरुजींनी धरलं आणि दोघे एकाच टॅक्सीत बसले.

पाचला पाच कमी असताना दोघे तिरके होऊन मंगल कार्यालयाच्या दारातून आत शिरले. सगळी माणसं वळून बघायला लागली. सत्यवतीबाई पुढं आल्या, गाठींकडं बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. भरमू गाठी हातानं झाकायला लागला. समोर लेकीचा चेहरा उतरला होता. आता सोयरीक राहते की जाते, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पोरांच्या हजारो सबबी ऐकलेल्या गुरुजींनी मुलीकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सबब सांगितली.

"आमच्यात नवऱ्या मुलीला साडी एकटी देत नाहीत. थोरल्याचं उपरणं बांधून देतात. मी तिचा काका."

सत्यवतीबाई नवऱ्यावर कडाडल्या. असलं शास्त्र असताना आपल्या बाजूचं काहीच कसं नाही? व्याही सुटाबुटात होते, उपरणं कुठलं? बाईंनी त्यांचा टाय ओढून काढला आणि भरमूपुढं धरला. भरमूनं तोही बांधला. प्रियदर्शनी पाटावर बसली तेव्हा तिच्या पदराला एका कडेनं उपरणं लोंबत होतं, दुसऱ्या कडेनं टाय, आणि उपरण्यावर नजर ठेवून काका अगदी शेजारी बसले होते. साखरपुडा थाटात झाला. नीलमच्या डोळ्याला पाणी आलं. भरमू मात्र साडीबद्दल कुणी काही बोलतंय का, याकडंच कान लावून होता.

आठवड्यानं शहापुरात विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि तुमच्यासारखंच सगळं व्हायला हवं, असा त्यांचा हट्ट होता. भरमूची छाती फुगली. कुठला रंग विणू, म्हणून त्यानं विचारलं.

"साडी नको हो, ती घेतलीय," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त ते उपरण्याचे काका पाठवा."