भालचंद्र साळिंदर व्यावसायिक खेळाडू कसा झाला

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात स्नूकरचं एकच टेबल होतं. त्यावरचं हिरवं कापड सशांनी दोनदा खाल्लं. मग अस्वलाने पाटी लावली, ‘हे गवत नाही.’ सशांना वाचता येत नव्हतं, पण पाटी आहे म्हटल्यावर ते घाबरले.

त्या टेबलावर भालचंद्र नावाचं तरुण साळिंदर खेळत असे. त्याचं नुकतंच कुमुदशी लग्न झालं होतं. लग्न ठरताना कुमुदच्या वडिलांनी विचारलं होतं, “मुलगा काय करतो?”

“चेंडू भोकात घालतो,” भालचंद्राचे वडील आप्पा म्हणाले.

“आणि मग?”

“मग बाहेर काढतात.”

कुमुदच्या वडिलांनी बराच वेळ विचार केला. मुलगा निर्व्यसनी होता. लग्न झालं.

खेळ असा की काठीने पांढऱ्या चेंडूला ढोसायचं, त्याने रंगीत चेंडूला ढकलायचं, आणि रंगीत भोकात पडला की टाळ्या. कुमुदला हे चटकन कळलं. सासूबाईंना तिला काही सुनवायचं असलं की त्या मोठ्या जावेला सुनवत. लागायचं कुमुदलाच.

एक नियम मात्र वेगळा होता. शेपूट, मिशी, काटा, काहीही चेंडूला लागलं तर खेळाडूने आपणहून “लागला” म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पंच घुबड होतं. सामने दिवसा व्हायचे. त्यामुळे हा नियम ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेला होता. माकडाची शेपटी रोज लागायची. माकड आभाळाकडे बघायचं.

भालचंद्राच्या अंगभर काटे. वाकला की एखादा लागायचाच.

“लागला,” तो म्हणायचा आणि जाऊन बसायचा.

तो एकही सामना जिंकला नाही, पण त्याचे सत्कार फार झाले. हत्ती दर वेळी शाल घालायचा. शाल काट्यांवर फाटायची. टाळ्या व्हायच्या.

शेवटी आप्पा म्हणाले, “यंदा व्यावसायिकांत नाव लागलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून कंद उकरायला चल माझ्याबरोबर.”

“आणि कुमुद?”

“ती पण येईल की. नखं आहेत तिला.”

माहेरी कुमुद जन्मभर कंदच उकरत आली होती. नखांतली माती आत्ता कुठे गेली होती.

शेवटचा सामना नागेश मुंगसाशी होता. टेबलावर पांढरा आणि काळा, एवढेच चेंडू उरले. जो काळा घालेल तो व्यावसायिक. पाळी भालचंद्राची होती.

तो वाकला. छातीवरचा एक काटा काळ्याला लागला. काळा तिळभर हलला.

भालचंद्राने तोंड उघडलं. समोर आप्पा कुदळ घेऊनच बसले होते. शेजारी कुमुद आपल्या नखांकडे बघत होती.

भालचंद्राने तोंड मिटलं आणि काळा भोकात घातला.

“अहो पंच, लागला की त्याला,” नागेश म्हणाला. “मी बघितलं.”

“कुणाला?” घुबडाने डोळे न उघडता विचारलं.

“भालचंद्राला.”

“तो बोलला का तसं?”

“नाही.”

“मग लागला नाही.”

“आणि मला लागला असता तर?”

“तू बोलला नसतास. त्याबद्दल तुझे गुण कापतो.”

प्रेक्षकांना हा न्याय फार आवडला. हत्तीने भाषण केलं. एवढा मोठा सामना, तरी आमचा भालचंद्र खरेपणापासून तिळभर हलला नाही, असं तो म्हणाला. आप्पांनी कुदळ पाठीमागे लपवली आणि डोळे पुसले. नागेशला घरी सगळ्यांनी खोटारडा म्हटलं. त्याच्या आईनेसुद्धा.

घरी जाताना भालचंद्राने विचारलं, “कुमुद, तुला काही दिसलं का?”

“अहो, मी नवीन आहे,” कुमुद म्हणाली. “मला खेळातलं काय कळतं?”

तात्पर्य, तोंडपाठ करण्यासाठी: मुलांनो, खरं बोलायची सवय लहानपणापासूनच लावून घ्यावी. म्हणजे मोठेपणी नेमक्या वेळी गप्प बसता येतं.