जब्बारभाऊंची उशी निघून राह्यली

जब्बारभाऊंच्या बाबतीत आजवर कुठलीच गोष्ट झालेली नाही आणि पुढे होणार आहे असंही नाही. ती नेहमी होऊन राह्यली असते.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या नागभीडकडे ‘करतो आहे’ला ‘करून राह्यलो’ म्हणतात. मी म्हणते, आमचे साहेबलोकही म्हणतात. पण आम्ही निदान कामाला हात लावल्यावर म्हणतो. जब्बारभाऊ काम नुसतं मनात आलं की म्हणतात. फोनवर त्यांनी ‘निघून राह्यलो’ म्हणावं आणि मागे बादलीत नळ पडत असल्याचा आवाज यावा, हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. ‘जेवून राह्यलो’ म्हणतात तेव्हा भात अजून डब्यात तांदळाच्या रूपानं असतो. त्यांच्या निकाहात काझींनी ‘कबूल है?’ विचारलं तर यांनी ‘कबूल कर रहा हूँ’ असं उत्तर दिलं. काझींना पुन्हा विचारावं लागलं. ही गोष्ट मला खुद्द रुकसानाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितली होती. सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तवापासून कबूल करूनच राह्यला हा माणूस," असं म्हणाल्या होत्या.

भाभी जाऊन आता काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, शबाना, लग्न होऊन हैदराबादला असते. जब्बारभाऊ जातीचे पिंजारी. पुढे गाद्या-उशांचं दुकान, मागे घर. रस्त्याच्या अलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे त्यांच्या पिंजणाचा कापूस माझ्या कागदांवर आणि माझ्या मशीनची घरघर त्यांच्या कानावर, असा आमचा जुना व्यवहार.

माझ्या भाचीला बाळ झालं तेव्हा त्यांनी राईची उशी शिवून दिली. मऊ सुती कापडाची छोटीशी पिशवी, आत धुऊन वाळवलेली राई. बाळाचं डोकं तिच्यात अलगद रुततं आणि छान गोल होतं, असं आमच्याकडे मानतात. डॉक्टर काय म्हणतात ते डॉक्टरांना विचारा. मला ती उशी इतकी गोड वाटली की मी फोटो काढून इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात विकायला टाकली. गंमत म्हणून. चार दिवसांत नाशिकहून मागणी आली.

"नाशिकले राई भेटत नाई काय?" जब्बारभाऊंनी काळजीनं विचारलं.

मग मागण्या येतच राहिल्या. पण आमच्याकडून निघालेलं पार्सल शहरात पोचायला आठ-दहा दिवस घेई, आणि याचा जब्बारभाऊंना भारी त्रास होई. "लेकराचं डोकं आपली वाट पायत बसते काय जी? उशी जाईपर्यंत ते बनून राह्यलं असते!" पार्सल पाठवल्यावर ते रोज येऊन विचारायचे, उशी कुठवर गेली. जणू लेकच पहिल्यांदा एकटी गाडीत बसली आहे.

त्यावर उपाय होता, त्याचं नाव ‘झटपट’. त्या बाजाराची खास योजना. तिच्यात घेतलं की दुकानाच्या नावापुढे हिरवा बिल्ला लागतो आणि कंपनी तुमचा माल वेगळ्या गाडीनं, पुढे विमानानंसुद्धा नेते. अटी मी वाचून दाखवल्या. दुपारी बाराच्या आत आलेली मागणी त्याच दिवशी रवाना झाली पाहिजे. रविवारीसुद्धा. घेतलेली मागणी रद्द करायची नाही. तक्रार जवळजवळ नकोच. आणि आधी काही आठवडे परीक्षा. नापास झालात तर एकच फेरपरीक्षा, मग दार कायमचं बंद.

"रविवारी माझं दुकान बंद असते," मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. कारण पार्सलवर लावायचं लेबल माझ्याच मशीनवर निघत होतं.

"अर्धा घंटा उघडजा बाई. चहा मी घेऊन येऊन राह्यलो."

मी तोंडावर नाही म्हटलं. रविवारी केसांना तेल चोपडून, तणतणत, शटर वर केलं. अद्रकाच्या चहाची किटली घेऊन ते पायरीवर बसलेच होते. आता लाचेचा चहा आहे म्हणून तो टाकून थोडाच द्यायचा असतो!

पहिल्या परीक्षेत आम्ही सपशेल आपटलो. त्यांच्या मोबाइलवर एक बटण होतं, ‘रवाना’. पार्सल गेलं की ते दाबायचं. जब्बारभाऊ राई धुऊन गच्चीवर उन्हात पसरली की लगेच दाबत. त्यांच्या हिशेबी उशी तेव्हाच निघून राह्यली होती. इकडे कंपनीचं यंत्र पार्सलची वाट पाहतंय, तिकडे पार्सल सूर्याची. काही दिवसांनी कंपनीतून फोन आला. तन्वी नावाची मुलगी, बोलण्यावरून पुण्याकडची.

"सर, तुमचं पार्सल निघालं का?"

"निघून राह्यलं, बाई."

"म्हणजे सर, निघालं की राहिलं?"

"निघून राह्यलं."

"सर, एक तर ते निघालं असेल, नाहीतर राहिलं असेल."

"तेच त मी मघापासून सांगून राह्यलो!"

मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "मॅडम, राई उन्हात आहे." तिला त्याचाही अर्थ लागला नसणार. संध्याकाळी निकाल आला. मी तो वाचून दाखवला तर जब्बारभाऊ म्हणाले, "नापास होऊन राह्यलो वाटते." त्यात त्यांना अजून सुधारणेला वाव दिसत होता.

पण ती तन्वी जिद्दीची निघाली. फेरपरीक्षेच्या आधी तिनं आपणहून फोन केला. पार्सल न्यायला ब्रह्मपुरीहून गजानन नावाचा माणूस गाडी घेऊन यायचा. त्याच्या हातातलं यंत्र लेबलवर धरलं की ‘टूं’ असा आवाज येई. तन्वी म्हणाली, "सर, निघालं, राहिलं, सगळं विसरा. टूं वाजलं की बटण. टूं नाही, तर बटण नाही."

हे मात्र जब्बारभाऊंना एका फटक्यात पटलं. इतकं पटलं की गल्लीत कुणाची सुटका राहिली नाही. माझं जेवण टूं झालं का, शेजारच्या पोरीचं लग्न टूं झालं की नुसतंच पाहून राह्यले, अशी चौकशी सुरू झाली. राई आधीच वाळवून ठेवू लागले. उशा तयार, पिशव्या तयार, गजानन आला की टूं. तन्वीशीही त्यांची गट्टी जमली. कामाचं बोलण्याआधी ते तिला ‘जेवल्या काय बाई?’ विचारत, आणि ती आधी बिचकायची ती नंतर भाजी कोणती होती तेही सांगू लागली.

मध्येच एक तक्रार आली. ठाण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला होता: पांढऱ्या उशीच्या कोपऱ्यात काळा टाका, सदोष माल, परत घ्या. मी कपाळाला हात लावला. हा टाका जब्बारभाऊ प्रत्येक उशीला मुद्दाम घालतात, बाळाला नजर लागू नये म्हणून.

"पुढच्या उशांना घालू नका," मी म्हटलं.

"टाका नाई घातला अन् लेकराले नजर लागली त? कंपनी उतरवून देईन काय?"

"अजी, एका तक्रारीनं आपण नापास होऊ!"

"होऊ," ते शांतपणे म्हणाले. बिल्ल्यासाठी जीव टाकणारा माणूस इथे तसूभर हलायला तयार नव्हता. शेवटी मीच मालाच्या वर्णनात लिहिलं: ‘नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात काळा टाका घातलेला आहे.’ त्यानंतर मागण्या इतक्या वाढल्या की राई कमी पडली. ठाण्याच्या त्याच बाईंनी तक्रार मागे घेऊन आणखी एक उशी मागवली, जावेच्या बाळासाठी.

आणि मग फेरपरीक्षेचा शेवटचा रविवार उजाडला. पार्सलं बांधून तयार. एवढी वेळेत गेली की बिल्ला आमचा, एक जरी राहिलं की सगळं पाण्यात. इतक्यात गजाननचा फोन आला. जंगलातल्या रस्त्यावर वाघीण बसली होती. वनखात्यानं दोन्हीकडची वाहतूक थांबवली होती आणि तो तिकडेच अडकला होता.

"हॉर्न वाजवा ना!" मी ओरडले.

"पिल्लं आहेत काय तिच्यासंग?" जब्बारभाऊंनी विचारलं.

"दोन आहेत जी."

"मंग नको उठवू तिले. बसू दे."

तन्वीला फोन लावला. उशिराची कारणं यंत्रात ठरलेली असतात म्हणे. पूर होता, संप होता, गाडी बिघडणं होतं. वाघीण नव्हती. "सर, मी ‘इतर’ टाकते, पण ‘इतर’ला सूट मिळत नाही हो," ती अगदी रडवेली होऊन म्हणाली.

जब्बारभाऊंनी पार्सलांची थैली खांद्यावर मारली. "रस्ता बंद आहे, रूळ त चालू आहे. मी निघून राह्यलो." आणि, देवाशपथ सांगते, ते खरोखरच निघाले. गोंदियाकडची गाडी फलाटावर उभी होती, चप्पल हातात घेऊन धावत पकडली. ब्रह्मपुरीला कंपनीचा डेपो आहे, तिथेही यंत्र असतं.

मी दुकानात संगणकासमोर बसून होते. शेवटी राहवेना, फोन लावला. "पोचले काय?"

"पोचून राह्यलो."

"जब्बारभाऊ, तुमच्या पाया पडते, आज नीट सांगा! गाडीत आहात की डेपोत?"

"पायरी चढून राह्यलो ना जी! थांबा." खडखड, कुणाशी तरी हुज्जत, मग फोनमधून आवाज आला, "टूं."

"हे तुम्ही तोंडानं वाजवलं काय?"

"नाई बाई, मशीननं वाजवलं! ऐका अजून." टूं. टूं. माझ्या पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली आणि मी रिकाम्या दुकानात एकटीनं टाळ्या वाजवल्या. वाघीण दुपारनंतर आपल्या मर्जीनं उठून गेली, असं गजाननकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी तन्वीचा फोन आला. "सर, मी तुमचा निकाल बघून राहिली आहे," असं ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. बिल्ला लागला होता.

मी तो बिल्ला रंगीत छापला, पेढे घेतले आणि रस्ता ओलांडून त्यांच्या घरी गेले. भाभी गेल्यापासून मी त्या घरात बसले नव्हते. बोलणं व्हायचं ते माझ्या दुकानात, नाहीतर रस्त्यातून. ते चहा टाकायला आत गेले. मी एका उंचवट्यावर बसले, तर त्याच्यावरची उशी घसरली. खाली खोकं होतं, वर आतल्या वस्तूचं चित्र. लेबल छापायचं छोटं मशीन, मोबाइलला जोडलं की घरबसल्या लेबल निघावं असं. पाठवणाऱ्याच्या जागी शबानाचं नाव होतं, आणि तारीख पहिल्या परीक्षेच्याही आधीची. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

"जब्बारभाऊ, हे काय आहे?"

ते कप घेऊन दारातच थबकले. "ते... उघडून राह्यलो."

"इतके रविवार मले तेल लावलेल्या केसांनी शटर उघडायला लावलं, अन् हे घरात पडून होतं?"

त्यांनी कप खाली ठेवले.

"रविवार लय मोठा असते, बाई. बाकी दिवस गिऱ्हाईक तरी येते-जाते. शबानाची माय होती त तिच्यासंग भांडता भांडता दिवस बुडून जाये. आता पिंजण बंद, दुकान बंद, घरात आवाज नाई. तुमच्याकडे लेबल काढाले येतो त चहा होते, दोन गोष्टी होते. मशीन उघडलं अस्तं त तुम्ही काऊन उघडलं अस्तं दुकान?"

मला चिडायचं होतं. पण ज्या चहाला मी लाच म्हणत होते, तो दर रविवारी दोन कपांचा भरून येत होता आणि मी घड्याळ बघत पीत होते. मी खोकं उचललं, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि मशीन दुरुस्त करणाऱ्यासारखा चेहरा केला.

"हे इथी चालणार नाई," मी म्हटलं. "याचा कागद नागभीडात भेटत नाई."

कागदाची दोन कोरी रिळं खोक्याला बांधूनच आली होती. ती मला दिसत होती, त्यांनाही दिसत होती.

"भेटत नाई काय?" जब्बारभाऊंनी विचारलं.

"नागपुरातबी नाई."

"मंग ठेवून देतो," ते म्हणाले. त्यांनी खोकं माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवलं, उशी झटकून त्यावर नीट घातली आणि मला बसायला सांगितलं.